बंदूक असून बंदूक नाही

अप्पांच्या हातात कुठलीही वस्तू द्या, ते ती आधी उलटी करतात. पितळी तांब्या असो, भिंतीवरचं घड्याळ असो, नाहीतर कुणाच्या मुंजीत आलेला स्टीलचा डबा असो. बुडाशी काय कोरलंय ते वाचल्याशिवाय वस्तूच्या तोंडाकडे पाहायचं नाही, असा त्यांचा शिरस्ता. एकदा आमच्याकडे सवयीने चहाचा कपही उलटा केला. कप खुर्ज्याचा निघाला, चहा सतरंजीत मुरला.

अप्पांची सगळी नोकरी वजनमापे खात्यात झाली. लोखंडी वजनाला एक भोक असतं, त्यात शिसं ओतलेलं असतं आणि त्या मऊ शिशावर निरीक्षकाचा ठसा मारलेला असतो. ठसा असेल तर ते किलो. नसेल तर नुसता लोखंडाचा गोळा, मग तो सोनाराच्या काट्यावर गुंजभरही कमी-जास्त न भरो. अशा ठशांवर पोट भरलेल्या माणसाचं जगाबद्दल एक पक्कं मत तयार होतं. ‘माणूस खोटं बोलतो, शिक्का बोलत नाही,’ असं अप्पा येता-जाता ऐकवतात. ते अगदी खरं आहे. शिक्का काहीच बोलत नाही, त्याच्या वतीने अप्पाच बोलतात.

जुन्या वस्तूंच्या नादी लागलेली माणसं पुण्यात पैशापासरी. पण त्यांतली बहुतेक वस्तू जमवतात. दिनकर केळकरांनी अवघं आयुष्य खर्चून, दारोदार फिरून दिवे, अडकित्ते, वाद्यं, पेटारे गोळा केले आणि १९७५ साली सगळा संग्रह सरकारच्या हवाली केला. अप्पांना जमवण्यात गोडी नाही. त्यांना वस्तूचं गोत्र काढायचं असतं, आणि ते खानदानी निघालं पाहिजे ही अट. त्यांच्या घरातल्या अडकित्त्याने नाना फडणविसांची सुपारी कातरलेली आहे. खलबत्त्याचा राघोबादादांशी काहीतरी संबंध आहे, तो काय हे काकूंच्या देखत सांगत नाहीत. आजवर एकही वस्तू एखाद्या साध्या कुळकर्ण्याच्या घरातली निघालेली नाही. पेशवाईत सामान्य माणसं सुपारी खात होती की नाही अशी शंका यावी.

निवृत्तीनंतर अप्पांचा रविवार मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजाराला वाहिलेला असतो. हा बाजार बुधवारीही भरतो, पण बुधवारी अप्पा जात नाहीत. बुधवारी पेन्शनर संघ. बाजारात नळाच्या तोट्या, स्कूटरचे आरसे, ग्रामोफोनचे कर्णे, बिजागऱ्या, कुणाच्या तरी आजोबांचे चष्मे असा संसार जमिनीवर मांडलेला असतो. तिथेच एका ताडपत्रीवर, जात्याची तळी आणि सायकलच्या साखळ्या यांच्यामध्ये, त्यांना ती बंदूक दिसली.

‘शिवाजी महाराज के टाइम की,’ विकणारे चाचा म्हणाले. यात चाचांचा दोष नाही. जुन्या बाजारात गंजलेल्या वस्तूंचे दोनच काळ असतात, शिवाजी महाराजांचा आणि इंग्रजांचा, आणि गिऱ्हाईक मराठी बोललं की पहिला. त्याच चाचांनी मागच्या रविवारी एक टायपरायटरही त्याच काळातला म्हणून पुढे केला होता.

बंदूक चांगली चार फूट लांब. काळपट लाकूड, त्यावर तेलाचे थर. विचित्र गोष्ट अशी की तिला घोडाच नव्हता. सिनेमात बंदूकवाला अंगठ्याने मागे ओढतो तो घोडा. त्याऐवजी चापाच्या मागे, दस्त्याला चिकटून, एक लांबट लोखंडी दांडी. ती खाली ओढली की वरचा एक ठोकळा खटकन खाली बसायचा आणि नळीचं मागचं तोंड उघडं पडायचं. पडायचं म्हणजे पडायला हवं होतं. कुणीतरी नळीत सळई घालून ती दोन्हीकडून वेल्डिंगने बंद केली होती, खालून आरपार भोकही पाडलं होतं. त्या नळीतून आता मुंगीसुद्धा गेली नसती.

अप्पांनी अर्थातच ती उलटी केली, मग आडवी केली, मग शर्टाच्या टोकाने पुसली. आणि नळीच्या मागच्या टोकाशी त्यांना अक्षरं दिसली. इंग्रजी नव्हे. स्वच्छ बाळबोध अक्षरं.

‘किती?’ अप्पांनी आवाज शक्य तेवढा उदास ठेवून विचारलं. चाचा त्यांचा चेहरा वाचून चुकले होते. घासाघीस झाली ती केवळ परंपरा म्हणून.

घरी काकूंनी दार उघडलं, पोत्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, ‘मी भाजी आणायला सांगितलं होतं.’

दुपारी जेवणाचं टेबल रिकामं करून त्यावर ‘सकाळ’ अंथरला गेला. पितांबरी झाली, रॉकेल झालं, शेवटी दात घासायच्या जुन्या ब्रशने माती निघाली. मग अप्पांनी अक्षरांवर पातळ कागद धरून शिसपेन्सिल आडवी फिरवली. खात्यातली जुनी युक्ती. कागदावर उमटलं ते असं: सुरुवातीला ‘श्री ३’, मग घासून गेलेली सात-आठ अक्षरं, मग एकोणीस, मग चार, आणि शेवटचा आकडा असा झिजलेला की त्यात ज्याला जे हवं ते वाचता यावं.

‘श्री तीन,’ अप्पा खोल आवाजात म्हणाले. ‘कळलं का?’

मला कळलं नव्हतं.

‘अरे, तिसरी बंदूक! कारखान्यातून तीन निघाल्या असणार. त्यातली ही तिसरी. आता पहिल्या दोन कुठे आहेत, हा खरा प्रश्न.’

‘घर नंबर असेल,’ आतून काकू म्हणाल्या.

अप्पांच्या संशोधनात निकाल आधी लागतो आणि पुरावा सवडीने येतो. बाळबोध अक्षरं म्हणजे मराठी, मराठी आणि बंदूक म्हणजे पेशवे, इथपर्यंत ते चहा येण्याआधी पोचले होते. १९४ हे अंक पेशव्यांच्या आड येत होते, त्यांना त्यांनी ‘दप्तरी क्रमांक’ म्हणून बाजूला बसवलं. दुसऱ्या दिवशी बंदूक चादरीत गुंडाळून ते एका इतिहास संशोधकांकडे गेले. मला सोबत नेलं, कारण रिक्षात ती दोघांच्या मांडीवर आडवी ठेवावी लागते.

संशोधक कृश, मितभाषी, आणि असल्या चादरी त्यांनी बऱ्याच पाहिल्या असाव्यात. चादर सोडण्याआधीच त्यांनी ‘अरे वा’ म्हणून घेतलं. मग दांडी एकदा खालीवर केली.

‘पेशवाई बुडाली कधी?’ त्यांनी विचारलं.

‘१८१८,’ अप्पा विद्यार्थ्याच्या उत्साहाने म्हणाले.

‘तेव्हाची बंदूक तोंडातून ठासायची. आधी दारू, मग गोळी, मग गज. कानावर रंजक घालायची आणि तोड्याने पेटवायची, नाहीतर गारेने ठिणगी पाडायची. कोकणात अजून पिकाच्या राखणीला ठासणीची बंदूक असते, ती पाहा एकदा. ही मागून भरायची आहे, काडतुसाची. इंग्रजांनी असली दांडीची बंदूक, मार्टिनी-हेन्री म्हणतात तिला, फौजेसाठी घेतली १८७१ साली. दुसऱ्या बाजीरावांना जाऊन तेव्हा वीस वर्षं झाली होती.’ आणि मग, जरा दया येऊन, ‘शिवाय पेशव्यांचं सगळं लिहिणं मोडीत. शिक्के-मोर्तब सोडलं तर बाळबोध लिहायला सवड कुणाला होती?’

अप्पा उतरत्या जिन्यावर गप्प होते. फाटकापाशी आल्यावर म्हणाले, ‘पोथीनिष्ठ माणूस.’ दोन दिवसांत पेशवे त्यांनी स्वतःच सोडून दिले, पण हार म्हणून नव्हे. त्यांना त्यांच्याहून ताजं काहीतरी सापडलं होतं.

‘एकोणीसशे बेचाळीस!’ त्यांनी रात्री साडेदहाला आमची बेल वाजवून सांगितलं. ‘शेवटचा आकडा दोन आहे. चले जाव! प्रतिसरकार! मराठी अक्षरं का, तर इंग्रजीवर बहिष्कार. आणि ओबडधोबड का, तर भूमिगत कारखाना!’

एकदा हे ठरल्यावर शेवटचा आकडा दोनवर थांबेना. सातारा भागातल्या प्रतिसरकाराने १९४३च्या जूनमध्ये शेणोलीजवळ पगाराची गाडी लुटली, तेव्हा तो तीन दिसू लागला. १९४४च्या एप्रिलमध्ये धुळ्याचा सरकारी खजिना चिमठाण्याजवळ लुटला गेला, हे वाचल्याच्या दिवशी तो चार झाला. भिंग तेच, बंदूक तीच. पुस्तकं तेवढी बदलत होती.

शेवटी अप्पा कुंडलला जाऊन आले. त्या चळवळीचं ते एक मोठं ठाणं. तिथे कुणाच्या तरी ओसरीवर एका म्हाताऱ्या गृहस्थांनी बंदूक मांडीवर घेतली, दस्ता खांद्याला लावून पाहिला आणि विचारलं, ‘गोळ्या कुटनं आनायच्या हिच्या? पोलिसाची बंदूक पळवली की गोळ्या पोलिसाकडनंच मिळत्यात. असली इगळीच बंदूक कोन कशाला बनवंल?’ इतका रोकडा मुद्दा इतक्या रोकड्या शब्दांत अप्पांना तोवर कुणी सांगितला नव्हता. येताना ते गुळाची ढेप आणि नवी शंका घेऊन आले.

नवी शंका शकाची होती. अंक बाळबोध, तेव्हा सन इसवी कशावरून? शालिवाहन शक का नसेल? अप्पांनी कालनिर्णय भिंतीवरून काढून मागच्या बाजूला गणित केलं. शके १९४० म्हणजे इसवी सन २०१८. पुढे ते बोलले नाहीत. काकूंनी मात्र खांद्यावरून वाकून पाहिलं. ‘म्हणजे ही आपल्या फ्रिजपेक्षा नवी?’ त्या म्हणाल्या. ‘मग हिचीही वॉरंटी बघा.’

या काळात बंदूक माळ्यावर गुढीच्या काठीशेजारी राहत होती. काकूंचं एकच म्हणणं होतं, पोलीस घरी यायच्या आत तुम्ही पोलिसांकडे जा. अप्पांना ते पटलं, कारण त्यात अर्ज होता. ते कलम वाचायला बसले की त्यांचं वय दहा वर्षांनी उतरतं. १९५९च्या शस्त्र कायद्याचं कलम ४५ त्यांनी पाठच केलं. जुन्या धर्तीचं, पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं किंवा मोडकं शस्त्र, दुरुस्त करूनही जर बंदूक म्हणून वापरता येत नसेल, तर त्याला तो कायदा लागू नाही. अट सगळी त्या शेवटच्या तुकड्यात आहे. नुसतं जुनं असून भागत नाही. पणजोबांची चालती बंदूक परवान्याशिवाय माळ्यावर ठेवली तर ती पणजोबांची आहे म्हणून कुणी सोडत नाही.

चौकीतले फौजदार तरुण होते. चादर उघडल्यावर दोन शिपाई खुर्च्या घेऊन जवळ आले. एकाने नळीत काडी घालून पाहिली, दुसऱ्याने दांडी ओढून ‘लई भारी’ असा अभिप्राय दिला. फौजदारांनी वेल्डिंग पाहिलं, खालचं भोक पाहिलं, अप्पांनी पुढे केलेलं कलम वाचलं.

‘काका, काही अडचण नाही. फोटो लावून अर्ज द्या. तज्ज्ञांकडून पाहणी होईल. अर्जात एवढंच लिहा की ही वस्तू बंदूक नाही.’

अप्पांनी पेन उघडलं आणि तसंच धरून ठेवलं.

‘बंदूक आहे,’ ते म्हणाले.

‘बंदूक असेल तर जप्त करावी लागेल.’

‘उडत नाही. पण बंदूक आहे.’

‘मग नाही असं लिहा ना.’

‘अहो, असं कसं लिहीन? सव्वाशे-दीडशे वर्षांची असेल. तिचा काही मान आहे की नाही?’

मला फौजदारांचं कौतुक वाटलं. त्यांनी चहा मागवला. सरकारने बंदुकीला बंदूक म्हणावं आणि तरीही घरी नेऊ द्यावं, ही अप्पांची माफक इच्छा होती. तीत काय वावगं आहे हे त्यांना शेवटपर्यंत समजलं नाही. अखेर ज्या मसुद्यावर तडजोड झाली, तो त्या चौकीच्या इतिहासात एकमेव असावा: ‘सदर वस्तू ही बंदूक असून बंदूक म्हणून वापरण्याजोगी बंदूक नाही.’ फौजदारांनी दोनदा वाचलं, आणि आवक क्रमांक टाकला. पाहणीसाठी बंदूक काही आठवडे त्यांच्याकडे राहिली. तेवढे दिवस अप्पा रोज संध्याकाळी त्या बाजूने फिरायला जात.

मात्र फौजदारांनीच जाता जाता एक नाव सुचवलं. पाहणीच्या वेळी एक निवृत्त सुभेदार आले होते, फौजेत आर्मरर, म्हणजे जन्मभर बंदुका उघडण्या-जोडण्याचं काम केलेले. त्यांना या बंदुकीबद्दल काहीतरी म्हणायचं होतं, पण विचारलं नाही म्हणून ते बोलले नाहीत.

बंदूक परत मिळाली त्याच आठवड्यात सुभेदार घरी आले. मूळचे कराडकडचे, आता दिघीला स्थायिक. चहा आधी की बंदूक, असं काकूंनी विचारल्यावर म्हणाले, ‘आधी ह्यो टेबल रिकामा करा, ताई.’ त्यांनी खिशातून रुमाल काढून पसरला, त्यावर एक पितळी पिन, छोटा हातोडा आणि स्क्रू-ड्रायव्हर मांडला. अप्पांनी प्रस्तावना सुरू केली, ती त्यांनी बोट वर करून थांबवली. बंदूक त्यांनी उलटी केली नाही. उजव्या कुशीवर आडवी घेतली.

‘मार्टिनी-हेन्री असती तर हितं राणीचा मुकुट पायजे,’ अंगठा उजव्या बाजूच्या पोलादावर फिरवत ते म्हणाले. ‘खाली व्ही. आर. कारखान्याचं नाव. साल. हितं कायच न्हाई.’

‘बनावट?’ अप्पांचा आवाज बसला.

‘बनावटवाला मुकुट आधी मारतो, साहेब. सरहद्दीवर खैबरकडं नकला करत्यात, त्यात मुकुट हमखास. इंग्रजी येत न्हाई, मग अक्षरं उलटी पडत्यात. व्हिक्टोरिया राणी १९०१ला गेली आन् तिच्या नावाखाली साल १९१९, अशाबी बंदुका हायत्या. ह्या माणसाला इंग्रजांची नक्कल करून इंग्रज दाखवायचा न्हवता.’

मग त्यांनी पितळी पिन टेकवून हलकेच हातोडी मारली. कडेचा खिळा बाहेर आला, ठोकळा आणि त्याच्या खालचा सगळा पसारा त्यांच्या हातात उतरला. शंभर वर्षांचं काळं तेल ‘सकाळ’च्या अग्रलेखावर पसरलं. सुभेदारांनी तो भाग खिडकीशी नेला. आतल्या पृष्ठभागांवर कानशीचे ओरखडे होते, तिरपे, हाताने मारलेले, एकही दुसऱ्यासारखा नाही. एकेक तुकडा त्यांनी रुमालावर ठेवला. प्रत्येकावर तोच एक बारका अंक ठोकलेला होता, बाळबोध. चाप, दांडी, ठोकळा, स्क्रूसुद्धा.

‘ह्यो अंक कशाला?’ ते स्वतःच म्हणाले. ‘हातानं घडवल्याला माल. हिचा स्क्रू हिलाच बसनार, शेजारच्या बंदुकीला न्हाई. मिसळू नयेत म्हनून नंबर. आन् ही बगा स्प्रिंग.’

एक वाकलेली पोलादी पट्टी त्यांनी वर धरली.

‘मार्टिनी-हेन्रीत ठोकळ्याच्या पोटात वेटोळ्याची स्प्रिंग असती. ही पट्टीची. वरनं तीच दिसती, आतनं दुसरीच हाय. गोरखा पलटनीत असताना मेसच्या भिंतीवर हिची बहीन बगितली मी. नेपाळी हाय ही. गहेंद्र म्हनत्यात.’

खोलीत कुणी बोललं नाही. सुभेदार आता चहाकडे वळले होते.

‘आणि श्री ३?’ अप्पांनी विचारलं.

‘नेपाळचा राजा श्री पाच. पंतप्रधान रानांचा, त्यो श्री तीन. ह्या सगळ्या सरकारी बंदुका. सालाचं म्हनाल तर तिकडं बिक्रम संवत चालतं. सत्तावन्न वजा करा.’

अप्पांनी वजा केले. संवत १९४० ते १९४९, म्हणजे इसवी सन १८८३ ते १८९२. शेवटचा आकडा कुठलाही घ्या, ना पेशवे, ना बेचाळीस, ना फ्रिज.

माझ्या मते ही बंदूक अप्पांच्या यादीतल्या कुठल्याही महापुरुषाच्या बंदुकीपेक्षा अधिक गमतीची आहे. इंग्रज नेपाळ्यांना आपल्या पलटणीत घेत, पण नेपाळला नव्या बंदुका मोकळ्या हाताने विकायला तयार नसत. तेव्हा पंतप्रधानांच्या राणा घराण्यातल्या गहेंद्र शमशेर नावाच्या जनरलने मार्टिनीच्या धर्तीवर आपली बंदूक तयार केली आणि नेपाळी कारागिरांनी ती कानशीने घासून घडवली. गहेंद्र हा पंतप्रधान बीर शमशेरचा मुलगा. बाप श्री ३ असला की मुलाच्या छंदाला शस्त्रागार मिळतं, पण या मुलाने त्या शस्त्रागाराचं सोनं केलं. पुढे तिथल्या हजारो बंदुका काठमांडूच्या जुन्या लगन सिलेखान्यात धूळ खात पडल्या आणि २००३च्या सुमारास अमेरिकी व्यापाऱ्यांनी त्या खरेदी करून नेल्या. एखादी कुणा गोरखा पलटणीतल्या साहेबाबरोबर आधीच इकडे आली असेल, कॅम्पातल्या एखाद्या बंगल्याच्या भिंतीवर शोभेला टांगली गेली असेल, बंगला पडला तशी भंगारात गेली असेल. हे मी अप्पांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. चेहरा मात्र सुतकी होता. ज्याचा त्याचा पत्ता लागला, आता गोत्र काढायचं कुणाचं?

हा शोक चार दिवस टिकला. पाचव्या दिवशी अप्पा जिन्यातच भेटले आणि माझा दंड पकडून म्हणाले, ‘नानासाहेब पेशवे १८५९ साली कुठे गेले?’

उत्तर मला माहीत होतं, म्हणूनच मी दिलं नाही.

‘नेपाळात!’ अप्पा म्हणाले. ‘जंगबहादूर राण्याकडे! त्यांचा नौलखा हार जंगबहादुराने घेतला. फुकट घेतला असेल? बदल्यात काही दिलं असेलच ना?’

जंगबहादूर १८७७ साली वारला, आणि बंदूक त्यानंतरची, हे सांगून उपयोग झाला नाही. नानासाहेब नक्की कधी गेले यावर दहा मतं आहेत, त्यामुळे त्यांना अप्पांनी हवं तेवढं आयुष्य बहाल केलं. पेशव्यांना माघारी बोलावण्यासाठी एवढा लांबचा वळसा घेणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही. या वेळी मात्र त्यांना रोखलं ते काकूंनी. ‘मग नानासाहेब साठीच्या घरात ही चार किलोची बंदूक उचलत होते का?’ एवढंच त्यांनी विचारलं. अप्पांना स्वतःच्या पाठीचा अनुभव होता.

आणि मग त्यांना खाडिलकर सापडले. इथे मलाही जरा थबकावं लागलं, कारण खाडिलकरांचं नेपाळ खरं आहे. ‘कीचकवध’ लिहिणारे, ‘केसरी’तले कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी टिळकांच्या गोटातून नेपाळात गेले होते. वासूकाका जोशी त्या खटपटीत होते. बेत बंदुकांच्या कारखान्याचा होता, आणि वरून दाखवायला खाडिलकरांनी तिथे कौलांचा कारखाना काढला. बेत तडीस गेला नाही. नाट्याचार्य परत आले आणि बंदुकांऐवजी नाटकं झाली.

‘पण अप्पा, ही बंदूक त्याच्या दहा-वीस वर्षं आधीची.’

‘म्हणजे नमुना!’ अप्पा म्हणाले. ‘टिळकांना दाखवायला आणलेला नमुना! पुण्यात कशी आली, याचं दुसरं काही कारण आहे तुझ्याकडे?’

माझ्याकडे होतं, कॅम्पातला बंगला. पण टिळकांच्या गायकवाड वाड्यापुढे बंगल्याचा काय पाड लागणार.

सुभेदार मधूनमधून येतात. चहा घेतात, स्प्रिंगला तेलाचा थेंब देतात, टिळकांविषयी ऐकून घेतात आणि ‘आसंल’ म्हणतात. अप्पा हा दुजोरा समजतात.

गेल्या रविवारी अप्पा बाजारातून आले तेव्हा पोतं आखूड होतं. टेबलावर ‘सकाळ’ अंथरला गेला आणि त्यावर एक कौल ठेवलं गेलं. लाल, शेवाळलेलं, एका कोपऱ्याला टवका उडालेलं. ‘बंदूक त्यांनी लपवली असेल,’ अप्पा मला समजावत होते, ‘पण कौलं तर उघड करत होते ना? त्या कारखान्याचं एक कौल मिळालं की साखळी पुरी झाली.’ दात घासायचा ब्रश आला. पाठीमागचं शेवाळ निघालं आणि ठसा वर आला: बासेल मिशन, मंगळूर, १८६५.

अप्पांनी भिंग खाली ठेवलं, डोळे मिटले. मंगळूरचं कौल काठमांडूला कोणत्या वाटेने गेलं असेल त्याचा ते विचार करत असावेत.

काकूंनी कौल उचलून बोटांनी टकटक वाजवून पाहिलं. ‘पक्कं भाजलंय,’ त्या म्हणाल्या. ‘अहो, त्याच्याकडे अशी अजून वीस-बावीस मिळतील का? मागच्या मोरीचा पत्रा पार कुजलाय.’